पीटीएसडी आणि झोपेची गोळी : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : पीटीएसडी (भयंकर प्रसंग अनुभवल्यावर किंवा पाहिल्यावर मागे राहणारा मानसिक आजार) फक्त सैनिकांना होतो, घरच्यांनी अपघाताचा विषयच काढू नये, महिनाभर झोपेची गोळी दिली की माणूस ताळ्यावर येतो. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

लोकलमधून कुणाला पडताना पाहिलेल्या प्रवाशालाही हा आजार होऊ शकतो. पहिल्या काही आठवड्यांतली झोपमोड, दचकणं बहुतेकांचं आपसूक ओसरतं. त्रास महिन्यापलीकडे टिकला तर निदानाचा विचार होतो. मेंदूतला अमिग्डाला धोक्याचा इशारा देतच राहतो आणि त्याला आवर घालणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कमी पडतो. म्हणून ठाणे स्टेशनात फास्ट गाडीचा भोंगा वाजला की तळहाताला घाम, छातीत धडधड, आणि माणूस उलट्या पावली जिना गाठतो. नाटकं नाहीत ती.

गोळीचं म्हणाल तर अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांनी हा आजार बरा होत नाही. सवय लागते ती वेगळीच. सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांचा उपयोग होतो. पण पहिला मान थेरपीचा : प्रशिक्षित थेरपिस्टसोबत त्या आठवणीला बेताबेतानं सामोरं जाणं, किंवा ईएमडीआर (डोळे ठरावीक लयीत हलवत ती आठवण हाताळण्याची थेरपी). म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट. (शेजारणीनं लिफ्टमध्ये गाठून “नक्की काय झालं गं?” विचारणं ही थेरपी नव्हे.)

ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. चालू असलेल्या गोळ्या मात्र हे वाचून एकदम बंद करू नका, डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.