फळी धरणारा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवलेली असते आणि तिचा भुर्दंड न चुकता मोठ्यांना पडतो. बडोद्यात गणपतीचे दहा दिवस चिटणीसांनी एखादे काम सांगितले, की नाही म्हणण्याची सोय नसते; पाककलेच्या स्पर्धेत परीक्षक होऊन मी एका बैठकीत एकोणीस प्रकारचे ढोकळे खाल्लेले आहेत. यंदा चिटणीसांनी ‘जुडोकराटे’ ठेवले होते. हा शब्द ते ‘चहापोहे’ म्हणावे तसा एका दमात उच्चारत आणि तायक्वांदो हा त्यातलाच एक प्रकार असावा, अशी त्यांची समजूत होती.

प्रत्यक्षात एक वर्ग जुदो-कराटे या जपानी विद्यांचा आणि दुसरा तायक्वांदो या कोरियन विद्येचा, असे दोन वर्ग येणार होते. आधी कोणी उतरायचे यावरून दोन्ही सरांमध्ये एकमेकांना वारंवार कमरेत वाकून नमस्कार करत पाऊण तास वाद झाला. दोन्हीकडची मुले पांढऱ्या पोशाखात, दोन्हीकडे रंगीत पट्टे; त्यामुळे पहिल्या रांगेतील नानांनी, “हीच पोरं आत जाऊन पट्टा बदलून येणार का रे?” असे मोठ्याने विचारले. नानांचे बालपण जुम्मादादा व्यायाममंदिरात मलखांबावर गेलेले असल्यामुळे पाय जमिनीला टेकवून केलेला कोणताही प्रकार त्यांच्या हिशेबी बैठ्या खेळांत मोडतो.

सूत्रसंचालन माझ्याकडे होते आणि मी ते, दुर्दैवाने, अभ्यास करून करतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या आवारात, जेमतेम बारा चटयांच्या जागेत जुदो शिकवायला सुरुवात केली, हे मी सांगितले. तेव्हा आपल्या सोसायटीचा हॉल त्याहून मोठा आहे, याची चिटणीसांनी माइक ओढून घेऊन नोंद केली. कराटे मूळचे ओकिनावा बेटांवरचे असून १९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी तोक्योत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, हेही पार पडले. मग तायक्वांदो. हे नाव १९५५ चे. त्यातील ‘ताय’ म्हणजे पाय, ‘क्वां’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग, आणि हाच ‘दो’ जुदोच्याही शेवटी येतो. कोरिया १९१० ते १९४५ या काळात जपानच्या ताब्यात होता आणि तायक्वांदो घडवणाऱ्यांपैकी कित्येक जण आधी कराटे शिकलेले होते, हे पुढचे वाक्य मी कागदावर लिहून आणले होते. परंतु कोरियन बाजूचे सर माझ्याकडे पाहत बोटे मोडत होते, म्हणून मी ते वाक्य गिळले.

जुदोच्या प्रात्यक्षिकात एक किरकोळ मुलगा एका धिप्पाड मुलाला सुमारे वीस वेळा उचलून मंडपवाल्याच्या गाद्यांवर आपटत होता. आपटणाऱ्याला ‘तोरी’ म्हणतात आणि आपटून घेणाऱ्याला ‘उके’. पडता पडता हाताने जमिनीवर सपकन थाप मारायची, म्हणजे आघात एका जागी न बसता पसरतो, हे उकेला सर्वांत आधी शिकवतात. तो बिचारा दर वेळी थाप मारी, उठे, पट्टा नीट करी आणि पुन्हा उचलला जाण्यासाठी हजर होई. टाळ्या मात्र सगळ्या तोरीला. मला त्या उकेविषयी फार वाईट वाटले, आणि पुढल्या दहा मिनिटांत काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नसताना वाटले, हे विशेष.

तायक्वांदोत मुले लाथेने फळी फोडून दाखवतात; सरांचा ती फळी धरणारा माणूस तापाने आजारी पडला होता. “आपले भाऊ आहेत की, उंचही आहेत,” असे म्हणून चिटणीसांनी माझ्या हातातला माइक काढून फळी दिली.

फळी साधारण फूटभर लांबरुंद आणि पाऊण इंच जाड होती. फळी फोडणे हे फोडणाऱ्याचे कौतुक आहे असे मी आजवर समजत होतो, परंतु त्यातील निम्मे शास्त्र धरणाऱ्याकडे असते. लाकडाच्या रेषांना समांतर असलेल्या दोन कडा घट्ट धरायच्या, म्हणजे फळी रेषेवर दुभंगते. दुसऱ्या दोन कडा धरल्या, तर फळीऐवजी मुलाचा पाय दुभंगण्याची शक्यता अधिक. शिवाय हात ताठ हवेत. हात लवचीक राहिले, की लाथेचा सारा जोर ते मागे ढकलण्यात खर्च होतो आणि फळी अखंड राहते. हे सर्व मला अर्ध्या मिनिटात, गुजरातीत सांगण्यात आले.

समोर पहिल्या मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी उभी होती. एरवी ती मला जिन्यात ‘काका, नमस्ते’ म्हणते. सरांनी “चारियोत!” (सावधान) म्हणताच ती ताठ झाली, “जुनबी!” (तयार) म्हणताच तिने मुठी आवळल्या, आणि तिच्या डोळ्यांत मी आता काका राहिलेलो नाही हे मला स्पष्ट दिसले. तिने झेप घेतली, त्याच क्षणी सर ओरडले, “काका, कोणी सीधी राखो!”

माझा जन्म बडोद्याचा. गुजरातीत कोपराला ‘कोणी’ म्हणतात हे मला शाळेत जाण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु संकटसमयी माणसाच्या मदतीला मातृभाषाच धावून येते, आणि ‘कोणी’ म्हणजे नेमके कोणी, हे पाहण्यासाठी मी मागे वळलो. कोपरे वाकली. लाथ बसली. फळी जशीच्या तशी राहिली आणि मी तिच्यासह तीन पावले मागे जाऊन प्रसादाच्या टेबलावर, थेट मोदकांच्या ताटात टेकलो. “याला म्हणतात पकड,” असे नाना म्हणाले. तेवढीच एक दाद मला त्या संध्याकाळी मिळाली.

दुसऱ्या खेपेस मी डोळे मिटले, कोपरे आवळली आणि फळी असा आवाज करून फुटली, की माझेच काही मोडले असे मला वाटले. टाळ्यांचा कडकडाट झाला, मुलीचा सत्कार झाला. जाहीर झालेल्या छायाचित्रात ती हवेत आहे आणि डाव्या कडेला माझी चार बोटे आहेत.

सकाळी उजवा हात वर होईना. हळदीचा लेप लावून गॅलरीत बसलो असताना समोरच्या बेन आपुलकीने आत डोकावल्या आणि त्यांनी विचारले, “कोणी दुखे छे?”

आमच्या सासूबाई चारच दिवसांपूर्वी सांगलीहून आल्या आहेत. त्यांनी आतूनच उत्तर दिले, “नाही हो, बाकी कोणाचं नाही. यांचंच.”