हृदयातील छिद्र, ‘बटण’ आणि एक घातक संदेश

‘बाळाच्या हृदयातील छिद्र बाराव्या वर्षापर्यंत आपोआप बुजते, डॉक्टर पैशासाठी लोखंडी बटण बसवतात, ते आत गंजते आणि जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, अर्जुनाच्या सालीचा काढा पुरेसा आहे’, असा संदेश पुण्यात फिरत फिरत धायरीला माझ्या मामेबहिणीपर्यंत पोहोचला आणि ती चार वर्षांच्या लेकीच्या उपचाराची ठरलेली तारीख पुढे ढकलायला निघाली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

आपोआप बुजण्याचे विधान सर्वांत घातक, कारण त्यात थोडे तथ्य आहे. खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याच्या स्नायुमय भागातले लहान छिद्र पुष्कळदा मिटते. वरच्या कप्प्यांमधील पडद्याच्या मधोमध असलेले चार-पाच मिलिमीटरचे छिद्रही मिटू शकते. एवढे मान्य. मात्र तेच छिद्र ८ मिलिमीटरहून मोठे असेल, तर ती आशा फारच थोडी. आणि वरच्या महाशिरेच्या मुखाशी असलेले छिद्र, ज्याच्या जोडीला फुप्फुसाची शीरही बहुधा भलत्याच जागी उघडते, ते आपोआप मिटत नाही आणि त्याला सहसा शस्त्रक्रियाच लागते.

मोठ्या छिद्रातून शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडे वळत राहते, तिथल्या रक्तवाहिन्या जाड व कठीण होत जातात आणि शेवटी प्रवाह उलटून ओठ-नखे निळी पडतात. खालच्या कप्प्यांमधील मोठ्या छिद्राने ही हानी पहिल्या दोन वर्षांतच कायमची होऊ शकते. वरच्या कप्प्यांमधील छिद्र वर्षानुवर्षे काही जाणवू देत नाही, म्हणून ते अधिक फसवे. अमेरिकन हार्ट असोसिएशन व अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी यांची प्रौढांसाठीची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे बजावतात, की फुप्फुसातील दाब शरीरातील दाबाच्या दोन-तृतीयांशाहून अधिक झाल्यास वरच्या कप्प्यांमधील छिद्र बंद करू नये. बारा वर्षे थांबायला सांगणाऱ्याला हे ठाऊक तरी आहे का?

बटण लोखंडाचे नसते. निकेल-टायटॅनियमच्या नायटिनॉल या संमिश्र धातूच्या बारीक तारांची ती विणलेली, दोन चकत्यांची जाळी असते, जी छिद्र दोन्ही बाजूंनी झाकते. मांडीच्या शिरेतून नेलेल्या नळीत ती ताणून बसवलेली असते. डाव्या कप्प्यात पहिली चकती उघडते, ती पडद्याला टेकेपर्यंत मागे ओढून उजवीकडे दुसरी उघडतात, इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पाहत हलका हिसका देऊन पकड तपासतात आणि मगच जाळीला जोडलेली नळीतली तार फिरवून जाळी सोडतात. सुमारे सहा महिन्यांत जाळीवर हृदयाचेच अस्तर चढते. बहुतेकांना रक्ताच्या गुठळ्या रोखणारी अ‍ॅस्पिरिन साधारण तोवरच लागते. क्वचित बटण सरकते किंवा हृदयाच्या भिंतीला घासून इजा करते हे खरे, म्हणूनच नंतरचे इको चुकवू नयेत.

अर्जुनाच्या सालीने कोणताही पडदा सांधला जात नाही. त्यावर अधिक शब्द खर्चण्याचे कारण नाही.

पैशाची चिंता मात्र खोटी नाही. त्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे: अंगणवाड्या व सरकारी शाळांतील तपासणीत जन्मजात हृदयविकार समाविष्ट आहे आणि पुढील उपचारांची मोफत सोयही त्यातून होते. अंगणवाडीताईंकडे किंवा ससून रुग्णालयात त्याची चौकशी करावी.