२५२० एकमेव नाही, फक्त सर्वांत लहान
१ ते १० या सगळ्यांनी भाग जाणारी २५२० ही जगातली एकमेव संख्या आणि ती रामानुजन यांनी शोधली, असा मेसेज पुन्हा फिरतोय. भाग जातो हे खरं. ‘एकमेव’ साफ चूक. ५०४०, ७५६०, तिच्या पाढ्यातली कुठलीही संख्या घ्या. हा शाळेतला लसावि आहे: ८ × ९ × ५ × ७. लसावि तर युक्लिडलाही ठाऊक होता. मेसेजमधलं ७ वार × ३० दिवस × १२ महिने = २५२० हे जुळतं, पण त्यात गूढ कसलं? ३० × १२ म्हणजे ३६०, आणि त्यात ८, ९, ५ हे गुणक आधीच आहेत; उणीव फक्त ७ची. रामानुजन यांचा खरा संबंध वेगळाच, आणि जास्त सुंदर. २५२०ला ४८ विभाजक आहेत. तिच्याहून लहान एकाही संख्येला इतके नाहीत. त्यांचा १९१५चा प्रसिद्ध शोधनिबंध अशाच संख्यांवर आहे.