वर्तुळात न मावणारे पुणे

पुण्यातील माझ्या मावसभावाने गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहिले की या शहराला कसलीच रचना नाही, पेठा पाडून तेथे रुंद रस्ते आणि कार्यालये करावीत, आणि लोकांनी ‘तुमच्या शिकागोसारखे’ बाहेर राहायला जावे. ते वाक्य अजून मनातून जात नाही. रचनेचा एकच नमुना ठाऊक असला की असे बोलले जाते, आणि तो नमुना नेमका मी राहतो त्या शहरावरून काढलेला आहे.

शहर कसे वाढते हे दाखवण्यासाठी शिकागोतील समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ मध्ये पाच वर्तुळे आखली. मध्यभागी व्यापाराचा ‘लूप’, त्याभोवती नव्याने आलेल्यांची स्वस्त, पडझडीला आलेली वस्ती, मग कामगारांची घरे, मग सुस्थितीतले लोक आणि सर्वांत बाहेर रोज ये-जा करणारे. मिशिगन सरोवरामुळे ही वर्तुळे शिकागोतही अर्धीच उमटतात. तरीही लोक आतून बाहेर सरकतात हे खरे आहे. शिकागोतील डेव्हन रस्त्याजवळच्या भाड्याच्या खोलीतून मी नेपरव्हिल या उपनगरात आलो तो त्याच वाटेने.

पण पेठा या तर्काने वसलेल्याच नाहीत. कारखान्यांपूर्वीच्या शहरात सत्ताधारी आणि धनिक मध्यभागी, तर गरीब आणि बहिष्कृत कडेला राहत, असे समाजशास्त्रज्ञ गिडिऑन शोबर्ग यांनी १९६० मध्ये मांडले, आणि शनिवारवाड्याभोवतीचे सरदार-सावकारांचे वाडे, तांबट आळी, बुरूड आळी आठवली की ते पटते. या मांडणीत जात होती आणि ती अन्यायाची होती, हे मला मान्य आहे. मात्र ज्या शिकागोचा दाखला मावसभाऊ देतो, तेथेही १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवल्या आणि तेथील लोकांना घरासाठी कर्ज मिळणे अवघड झाले.

शिवाय पुणे पेठांपाशी थांबले नाही. १८१७ नंतर इंग्रजांची छावणी आली, १९५० च्या दशकात पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना सुरू झाला, पुढे आयटी कंपन्यांची हिंजवडी उभी राहिली. अनेक केंद्रांचे शहर म्हणतात ते हेच. हॅरिस आणि उलमन या भूगोलतज्ज्ञांनी १९४५ मध्येच ते सांगून ठेवले आहे. पुण्याचे हाल रचना नसल्यामुळे होत नाहीत; या केंद्रांना जोडणारी वाहतूक वेळेवर उभी राहिली नाही म्हणून होतात, आणि त्याची शिक्षा पेठांना देण्याचे काहीच कारण नाही.

मंडईतून भाजी घेऊन आई दहा मिनिटांत चालत घरी येई, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असे, रात्री दहालाही गल्लीत कोणी ना कोणी बोलत उभे असे. नेपरव्हिलमध्ये मला दुधासाठीसुद्धा गाडी काढावी लागते, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढताना समोरच्या घरातील माणसाशी होतो तेवढाच शेजार होतो.

हे सर्व मी गटावर लिहिले. त्यावर मावसभावाने एवढेच विचारले की मग सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरला देताना पहिली सही कोणाची होती. सही माझीच होती. इथल्या घराचे डाउन पेमेंट त्याच पैशांतून झाले.