फॉर्म कोणी बनवला?

सेक्स वर्करांवरच्या संशोधनाचे अहवाल अधूनमधून वाचण्यात येतात. वाचताना मी निष्कर्षांच्या आधी मागे जोडलेली प्रश्नावली बघते. विचारणाऱ्याला कशाची धास्ती आहे ते तिथे लगेच कळतं. आठवड्यात गिऱ्हाइकं किती, निरोध किती वेळा, रक्त शेवटचं कधी तपासलं. म्हणजे धास्ती रोगाची, आणि तीही बाईपासून इतरांना होईल त्याची. त्याच बाईला विचारा की तुला कशाची भीती वाटते. ती रेडचं नाव घेईल, पैसे बुडवून वर हात उगारणाऱ्या गिऱ्हाइकाचं घेईल, व्याजाने पैसे देणाऱ्याचं घेईल, मुलाच्या शाळेत कळेल याचं घेईल. रोगाचा नंबर बराच खाली लागेल.

बरं, विचारायला जातात ते कधी? ऐन धंद्याच्या वेळेला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. असा माणूस दारात उभा दिसला की गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरतं. मग बाई त्याला लवकर कटवण्यासाठी सगळ्यात छोटं उत्तर देते. निरोध वापरता? हो. कोणी मारहाण करतं? नाही. झाला डेटा तयार. तोच प्रश्न दुपारी, आंघोळ उरकून केस वाळवत बसलेली असताना, तिच्यासारखाच धंदा करणाऱ्या बाईने विचारला की त्या ‘नाही’चं ‘परवाच झालं की’ होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न ठरवण्याचा हक्क त्या बायांकडे गेल्याशिवाय त्यांच्या सुरक्षिततेवरचं संशोधन त्यांच्या कामाचं होत नाही. नुसतं प्रश्न विचारायला त्यांना नेमून भागत नाही.

कोलकात्यातल्या सोनागाछी या वस्तीचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना तिथे एचआयव्हीच्या कामासाठी गेले आणि वस्तीतल्याच बायांना शिकवून कामाला घेतलं, इथपर्यंत सांगतात. खरी गंमत पुढे आहे. निरोध नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, तर त्या दिवसाची कमाई सोडता आली पाहिजे. डोक्यावर सावकाराचं कर्ज असलेल्या बाईला ती सोडता येत नाही. हे बायांनी दाखवून दिलं, आणि १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती या बायांच्या संघटनेबरोबर उषा ही त्यांची स्वतःची सहकारी संस्थाही उभी राहिली. बचत आणि कर्जासाठी. निघाले होते एड्स रोखायला आणि काढावी लागली पतसंस्था! बाहेरच्या कुठल्या तज्ज्ञाच्या फॉर्ममध्ये व्याजदराचा रकाना असता?

उलट काय होतं ते कंबोडियात दिसलं. २००४ मध्ये तिथल्या सेक्स वर्करांवर टेनोफोविर हे औषध एचआयव्ही टाळायला उपयोगी पडतं का, याची चाचणी होणार होती. बायांच्या संघटनेने विचारलं, दुष्परिणाम झाले तर पुढच्या उपचारांचा खर्च कोण करणार? विमा मागितला. पटेल असं उत्तर मिळालं नाही, बोभाटा झाला आणि सरकारने चाचणीच थांबवली. विज्ञानाचं नुकसान झालं अशी ओरड तेव्हा झाली. झालंही असेल, हेच औषध पुढे प्रतिबंधक गोळ्यांमध्ये आलं. पण हातावर पोट असलेल्या बाईने विचारलेला हा प्रश्न कोणत्याही सुशिक्षित घरातल्या माणसाने फॉर्मवर सही करण्याआधी विचारला असता.

माहिती गोळा करणं म्हणजे जाडजूड अहवालच, असंही नाही. मेलबर्नमध्ये १९८० च्या दशकात सेक्स वर्करांनी त्रासदायक गिऱ्हाइकांची वर्णनं एकमेकींना कळवायची पद्धत सुरू केली. गाडी कुठली, दिसायला कसा, काय केलं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून हेच काम देशपातळीवर चालतं. तक्रार करणारीचं नाव पोलिसांना द्यायचं की नाही हे तीच ठरवते. नाव न देताही इशारा इतरांपर्यंत पोचतो. मला हे संशोधनच वाटतं, भले त्याचा प्रबंध होवो न होवो.

आणि नकाशे! ‘हॉटस्पॉट मॅपिंग’ म्हणून कुठल्या गल्लीत, कुठल्या लॉजवर किती जणी, असे तपशील गोळा होतात. आरोग्यसेवा पोचवायला ते लागतात, मान्य. पण तोच नकाशा चुकीच्या टेबलावर गेला तर ती रेडची यादी होते. तो कोणाकडे राहणार, कधी नष्ट होणार, हे बायांना विचारून ठरलं नसेल तर सहमतीच्या सहीला काय अर्थ?

आता, ‘समुदाय’ म्हटलं की संघटनेच्या दोन-तीन बोलक्या बाया पुढे येतात, हा आक्षेप खरा आहे. फोनवरून काम घेणाऱ्या, परक्या मुलखातून आलेल्या, तृतीयपंथी, पुरुष सेक्स वर्कर त्यात येत नाहीत. मालकिणीसमोर बसून कोणी खरं बोलत नाही. जबरदस्तीने आणलेल्या मुलीपर्यंत सर्व्हे पोचतच नाही. पण तिच्यापर्यंत पोचायचं तरी कोणाच्या मदतीने? वस्तीत नवी मुलगी आली हे सगळ्यात आधी शेजारच्या खोलीतल्या बाईला कळतं. तिलाच पोलिसांची दहशत असेल तर ती तोंड उघडणार नाही.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९ मे २०२२ ला दिलेल्या आदेशात निरोध बाळगणं हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये असं आहे, आणि संरक्षणगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करून त्यांना सोडण्याची कार्यवाही करावी असंही. ही पाहणी कोण करणार? तिथेच डांबून ठेवलेल्या बाया त्या पथकात असतील तर कुठल्या खोलीला कुलूप असतं हे त्यांना सांगावं लागणार नाही.

अशा समित्यांवर त्यांना घेणं अवघड आहे हे मला कोणी सांगू नये. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्यातच लिहून टाकलं की त्या कायद्याचा आढावा घेणाऱ्या ११ जणांच्या समितीत ३ जण सेक्स वर्करांच्या संघटनेने सुचवलेले असतील. सल्लागार वगैरे नाही, सदस्य. आपल्याकडे निधी देणाऱ्यांनी निदान एवढी अट घालावी. आणि त्या बायांचा रोज बुडतो, तो बजेटमध्ये धरावा. संशोधकाचा पगार धरतातच ना?