स्टायपेंड नाही, सुपरव्हिजन बघा

इंटर्नशिपवरच्या एका लेखात म्हटलंय की मानसशास्त्राची मुलं इंटर्नशिप निवडताना संस्थेचं नाव आणि स्टायपेंड बघतात. माझ्या बाबतीत पहिल्या वेळी अगदी तसंच झालं. एम.ए. करताना नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये गेले, कारण घरापासून दहा मिनिटं. दोन महिने फायली लावल्या, अपॉइंटमेंटचे फोन घेतले. एकाही पेशंटसमोर बसायला मिळालं नाही.

दुसऱ्यांदा सरकारी ओपीडी निवडली. पैसे शून्य. पण तिथल्या सुपरव्हायझर मॅडम रोज दुपारी अर्धा तास मी लिहिलेली पेशंटची केस हिस्टरी वाचायच्या, लाल पेनाने खुणा करायच्या. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार काका आले होते. ‘उदास वाटतं’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. ‘डोकं तापतं, रात्री दोनला डोळा उघडतो, मग बागेत जाऊन बसतो’ एवढंच. मी डोकेदुखी लिहिली. मॅडमनी विचारलं, ‘बागेत जाऊन काय करतात, ते विचारलंस का?’ मी विचारलंच नव्हतं. आजही तो प्रश्न मनातून जात नाही.

राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. नाशिकच्या मुलीला इंटर्नशिपसाठी तिथे जायचं तर आधी खोलीभाड्याचा हिशेब. म्हणून घराजवळचं निवडणाऱ्यांना नावं ठेवू नका, प्लीज.

आणि ही इंटर्नशिप केली म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो असं नाही, त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या केंद्रीय संस्थेची मान्यता असलेला कोर्स आणि नोंदणी लागते. ज्युनिअर्सनी होकार द्यायच्या आधी तिथल्या जुन्या इंटर्नला फोन करून एवढं विचारावं: तुझं लिहिलेलं कोणी वाचायचं का?