बॅग तयार होती, तळमजल्यावर

पुण्याच्या भाच्याने काल परत एक लिंक पाठवली. "मामी, आपत्कालीन तयारीसाठी या बावीस वस्तू घरात हव्यातच." यादी उघडली. चकमक, पॅराशूटचा दोर, होकायंत्र आणि अस्वल आलं तर मारायचा स्प्रे. चिपळुणात अस्वल! आमच्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर येते ती मगर, आणि तिला स्प्रे मारायला मी तरी जाणार नाही.

हसले खरी, पण अशीच एक यादी मीही एकदा मनावर घेतली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माझ्या माहेरी दापोलीकडे माड आडवे झाले, पत्रे उडाले आणि पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. ते बघून आल्यावर मी लगेच एक लाल बॅग मागवली. टॉर्च, पॉवरबँक, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, बिस्किटं, सात पाती असलेला चाकू. झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवल्या. बॅग कपाटाच्या खालच्या खणात. मनात म्हटलं, झाली तयारी.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे ती बॅग सगळ्यात आधी पाण्याखाली गेली.

आम्ही तळमजल्याला राहतो. रात्रभर पाऊस ओतत होता, वीज गेलेली. चारच्या सुमारास मुलाने उठवलं तेव्हा चपला दिवाणखान्यात तरंगत होत्या. त्यानंतरची वीस मिनिटं मला आजही नीट सांगता येत नाहीत. मी मुलाची शाळेची फाइल शोधत होते. नवऱ्याने टीव्ही उचलला. खरंच, टीव्ही! भिंतीवरचे स्क्रू अंधारात काढत बसला होता. बॅग आठवली तेव्हा पाणी मांडीला लागलं होतं आणि कपाटाचं दार बाहेरच्या दाबाने उघडेना.

आणि सासूबाई? त्या आदल्या रात्री नऊलाच दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे एक तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवून आल्या होत्या. त्यात तांदूळ, कुळथाचं पीठ, मीठ, गूळ, आमसुलं, काडेपेटी, त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि रेशन कार्ड. मी तेव्हा चिडले होते. "आई, उद्या पाऊस उघडला तर डबा परत आणायला जायचं. लोक हसतील." त्या म्हणाल्या, "हसूंदेत गो. हसले तर उद्या चहाला बोलव."

मला आज जे लिहायचंय ते एवढंच आहे. आपल्याकडे वस्तू कमी नाहीत, माहितीही कमी नाही. कमी पडते ती हसं करून घ्यायची तयारी. पाणी येण्याआधी सामान वर नेणारा माणूस वेडा दिसतो. गाडी रात्रीच उंचावर नेऊन लावणारा घाबरट दिसतो. आणि शंभरातल्या नव्वद वेळा पाणी येतच नाही, त्यामुळे तो दरवर्षी वेडाच ठरतो. त्या दिवशी आमच्या गल्लीत ज्यांची गाडी वाचली, त्या गृहस्थांना आम्ही सगळे आधी "हवामान खातं" म्हणायचो.

आता उपयोगाचं बोलते.

पहिली गोष्ट म्हणजे आपलं पाणी कसं चढतं ते माहीत हवं. सांगलीकरांना कृष्णा दिवस देते. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आमची चिपळूणची वाशिष्ठी असे दिवस देत नाही. सह्याद्री इथे जवळ, समुद्र तिथे जवळ, मधे आम्ही. वर घाटात कोसळलं की काही तासांत खाली. त्यात कोयनेचं वीज तयार करून झालेलं पाणी कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. त्या रात्री धरणाचं किती आणि पावसाचं किती, यावर चिपळुणात अजून भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. पण तिसरं एक पाणी आहे जे कुणी मोजत नाही, ते म्हणजे भरती. नदी समुद्राला मिळते तिथे, दाभोळला, भरती असली की नदीचं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

आणि भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. तासभर इकडेतिकडे होतो, खाडी चढून आत यायला आणखी वेळ लागतो, पण अंदाज येतो. त्या दिवशी त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. तेराची पाऊणपट पावणेदहा. चार वाजता घरात पाणी शिरलंय आणि भरती अजून पुढेच आहे, म्हणजे पाणी आत्ता ओसरणार नाही, चढणारच आहे. हा हिशेब सासूबाईंनी काकांच्या जिन्यात बसून बोटांवर केला. माझ्या फोनवर हवामानाची तीन ॲप होती आणि रेंज नव्हती. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की फोन म्हणजे फक्त टॉर्च.

ॲप वाईट नाहीत हं. आकाशातल्या विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी आणि सरकारी इशाऱ्यांसाठी सचेत, दोन्ही माझ्या फोनवर आहेत. पण ती आदल्या दिवशी बघायची. लाल इशारा म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो, हे एकदा समजलं की रंग बघून नुसता फॉरवर्ड करायचा मोह होत नाही.

दुसरी गोष्ट घरातली. मेन स्विच कुठे आहे आणि अंधारात तिथपर्यंत हात जातो का? काका वीज खात्यातून निवृत्त लाइनमन. वीज गेलेलीच होती, तरी त्यांनी खाली येऊन मीटरच्या पेटीतले सगळ्यांचे स्विच पाडले, कारण ती मधेच परत आली असती तर? मग गॅस. रेग्युलेटर काढायचा, सिलिंडरला टोपी लावायची आणि त्याला खिडकीच्या गजाला बांधायचं. लोकांना वाटतं भरलेला सिलिंडर जड, जागचा हलणार नाही. हलतो, तरंगतो. आमच्या गल्लीतून दुपारी चार सिलिंडर असे शांतपणे निघून गेले, वरातीत निघाल्यासारखे. फ्रिजसुद्धा तरंगतो आणि आडवा होऊन दार अडवतो. आमच्या स्वयंपाकघरात तेच झालं.

प्यायच्या पाण्याची गंमत वेगळीच. खाली बारा फूट पाणी आणि वर आम्ही चौदा माणसं तहानलेली. गच्चीवरची टाकी संध्याकाळी भरलेली होती, पण सकाळी बघतो तर निम्मी रिकामी! खाली कुणाच्या तरी न्हाणीतला नळ उघडा राहिला होता, आणि टाकीचं चांगलं पाणी त्या पुराच्या पाण्यात खुशाल वाहत होतं. काकांनी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग बादलीने मोजून पाणी काढलं. तो व्हॉल्व्ह गंजलेला होता, दोघांनी मिळून फिरवला. तुमच्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरतो का? आज बघून या. नंतर आम्ही गच्चीत चार कोपऱ्यांना बांधून एक स्वच्छ चादर ताणली, मधे तांब्याएवढा दगड ठेवला, खाली पातेलं. पावसाचं पाणी गाळून उकळायला घेतलं. उकळी आल्यावर मिनिटभर खळखळू द्यायचं. पाण्यात टाकायच्या जंतुनाशक मेडिक्लोरची बाटली होती... कुठे? लाल बॅगेत.

एका छोट्या मुलीला संध्याकाळपासून जुलाब लागले. दुकानं सगळी पाण्यात, ओआरएसची पुडी मिळणार कुठून? कॉलेजात शिकलेलं एका मुलाला आठवत होतं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाटच. मीठ जास्त झालं तर उलट अपाय होतो. काकू अंदाजाने मूठभर टाकायला निघाल्या होत्या, त्या पोराने हात धरला. सासूबाईंच्या डब्यात गूळ होता, साखर नव्हती. साखर तिसऱ्या घरातून आली.

शेजारी हे सगळ्यात उपयोगी साधन आहे असं मी लिहिणार होते, पण ते फार गोड वाटतं. खरं सांगायचं तर त्या चौदा माणसांतली दोन घरं पार्किंगवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. तरी एकाकडे दोर होता आणि दुसऱ्याला गाठ मारता येत होती. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या घरातल्या आजींना पिण्याचं पाणी आणि खिचडी दोरावरून पाठवली. ज्याला गाठ येत होती तो खलाशी होता. आमच्यापैकी बाकी कुणाला न सुटणारी, पण हवी तेव्हा सोडता येणारी गाठ येत नव्हती. यूट्यूबवर शंभर वेळा बघून ती येत नाही, दोर हातात घ्यावा लागतो. मी आता तीन गाठी शिकलेय, चाळिशी उलटल्यावर.

चिपळूण आगारातल्या व्यवस्थापकांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. आगारात पाणी भरलं तेव्हा ते आणि सहकारी सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन तासन्‌तास एसटीच्या टपावर बसून राहिले. त्यांना सलाम आहेच. पण माझ्या मनात दरवेळी येतं, ती रोकड आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर नेता आली असती तर? दोष त्यांचा नाही. तसा नियम करायचं कुणाला सुचत नाही, कारण न आलेल्या पुरासाठी केलेली धावपळ कुठल्याच वहीत भरता येत नाही.

पाणी ओसरलं की खरा त्रास सुरू होतो, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. तूर्त थोडक्यात. गाळात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. लेप्टो म्हणजे अशा घाण पाण्यातून होणारा ताप, त्याच्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या विचारून घ्या. गाळ काढताना हात घालायच्या आधी काठी घाला, कारण घोणस आणि फुरशालाही कोरडी जागा हवी असते. चावलाच तर चिरा मारू नका, घट्ट बांधू नका, माणसाला चालवू नका, सरळ दवाखाना. १०८ फिरवा, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७. नंबर फोनमध्ये नको, भिंतीवर लिहा, तेही खांद्याच्या वर. आणि गाळ काढण्याआधी फोटो. आमच्या दुकानातलं अस्तर, बटणं, फॉल सगळं चिखल झालं. दुकान स्वच्छ केलं आणि मग पंचनाम्याला आलेल्यांना दाखवायला काही उरलंच नाही. आता दर १ जूनला मी दुकानाचा फळीफळीने व्हिडिओ काढते आणि बहिणीला मुंबईला पाठवते. ती म्हणते, तुझी बटणं बघून कंटाळा आला.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असं मात्र कुणी म्हणू नये. आगोट हा शब्द आहे आपल्याकडे. मे संपत आला की सुकट-बोंबील भरायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा, कौलं शाकारून घ्यायची, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं ते बघायचं. चार महिन्यांची बेगमी. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण सगळेच करायचे. आता दहा मिनिटांत किराणा दारात येतो, म्हणून आगोट गेली आणि तिच्यासोबत मे महिन्यात घराकडे एकदा नीट बघायची सवयही गेली.

लाल बॅग धुऊन घेतलीय. ती आता काकांच्या जिन्यात, वरच्या खुंटीला असते. त्यातली पॉवरबँक मुलगा हॉस्टेलला घेऊन गेला, ती परत आलेली नाही. सासूबाईंचा डबा जूनपासूनच वर जातो आणि गणपतीला खाली येतो.

आणि आम्ही घरी सराव करतो. जूनच्या पहिल्या रविवारी दिवे बंद करायचे, घड्याळ लावायचं आणि माणसं, औषधं, कागद, मग बाकीचं, या क्रमाने वर जायचं. सासूबाई जिन्यात खुर्ची टाकून बसतात आणि शिव्या घालतात. शेजारचे बाल्कनीतून बघून हसतात. त्यातली दोन घरं मात्र यंदा आमच्यासोबत होती. आम्हाला एकूण सोळा मिनिटं लागली. नवऱ्याने सगळ्यात आधी टीव्ही उचलला. पुढच्या रविवारी परत करायचंय.